कोंबडीचं अंग बाहेर आलं तर: पहिल्या पाच मिनिटांपासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की कोंबड्या पाठमोऱ्या चालत जाताना मी आधी त्यांची बुडं बघते. तीन वर्षांपूर्वी ही सवय नव्हती. गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात एका तलंगेच्या, म्हणजे नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या, शेपटीखाली लिंबाएवढा लालभडक गोळा लोंबत होता, आणि तो माझ्याआधी बाकीच्या कोंबड्यांना दिसला होता. त्या तिच्यामागे धावून टोचत होत्या. मी तिला पकडलं, घाईघाईत धुतलं आणि गोळा आत ढकलला. तो आत राहिला. मला हायसं वाटलं आणि संध्याकाळी मी तिला परत खुराड्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडवाचं, सामान आणायला गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात गेले होते, तेवढ्यात तिनं अंडं घातलं. अंड्याबरोबर सगळं पुन्हा बाहेर आलं. मी घरी पोचले तेव्हा इतर कोंबड्यांनी तिची आतडी ओढून काढली होती.

त्यानंतर माझ्याकडे आणि शेजारी मिळून असे आणखी काही प्रसंग आले. काही कोंबड्या वाचल्या, काही नाही. जे शिकले ते इथे लिहिते. बाहेर आलेलं अंग आत बसवणं हे निम्मं काम आहे, आणि त्यातलं सोपं निम्मं. पुढच्या अंड्याची तयारी ठेवणं आणि नंतर अंडी थांबवणं हे उरलेलं निम्मं, आणि कोंबडी वाचते ती त्यानं.

नेमकं काय बाहेर येतं

कोंबडीला मागे एकच द्वार असतं. शिट आणि अंडं दोन्ही त्याच वाटेनं येतात, तरी ताजं अंडं बहुधा स्वच्छ असतं. याचं कारण अंडं घालताना अंडनलिकेचा शेवटचा भाग मोजा उलटावा तसा उलटून क्षणभर बाहेर येतो, अंडं थेट बाहेर सोडतो आणि लगेच आत जातो. अंडं घातल्यावर काही सेकंद बुडाशी लाल-गुलाबी काही दिसलं तर घाबरू नका. ते आत गेलं नाही, तसंच लोंबत राहिलं, सुजलं, की आपण म्हणतो अंग बाहेर आलं.

म्हणजे दिसतो तो गोळा गाठ नव्हे आणि फोडही नव्हे. ती तिची आतली ओली त्वचा आहे, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखी. ती हवेवर सुकते, मातीनं सोलवटते, माश्यांना बोलावते. तिला हात लावताना डोळ्याला लावतो तसा लावायचा, एवढं ध्यानात राहिलं तर निम्म्या चुका टळतात.

पहिली पाच मिनिटं

कोंबडी कळपातून बाहेर काढा. बाकी सगळं नंतर. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचतात आणि रक्त लागलं की थांबत नाहीत. यात दुष्टपणा नाही, त्यांचा स्वभाव आहे, पण तिचा जीव जायला दहा मिनिटं पुरतात. जुन्या बनियनचा किंवा पंचाचा स्वच्छ तुकडा कोमट पाण्यात भिजवून गोळ्यावर ठेवा आणि तिला डालग्याखाली किंवा खोक्यात घाला. खाली माती, तूस, लाकडाचा भुसा काही नको, ते सगळं ओल्या मांसाला चिकटतं. धुतलेलं सुती कापड अंथरा.

आता तुम्हाला श्वास घ्यायला वेळ आहे. पाणी तापत ठेवा, घरातल्या एकाला मदतीला बोलवा. हे काम एकट्यानं होतं, पण नीट होत नाही.

रंग बघा, मग ठरवा

उजेडात नेऊन शांतपणे पाहा. गुलाबी किंवा लाल, ओलं, चकचकीत असेल तर मांस जिवंत आहे आणि घरी प्रयत्न करण्यासारखा आहे. जांभळट, गडद झालं असेल तर रक्त अडलं आहे. तरी प्रयत्न करता येतो, पण डॉक्टरांकडे जायची तयारी एका बाजूला चालू ठेवा. काळं, तपकिरी, चामड्यासारखं कोरडं झालेलं मांस मेलेलं असतं. ते आत ढकलायचं नाही, आत सडून ते तिला मारतं.

आणखी दोन गोष्टी तपासा. गोळ्याच्या आत कडक, गोल काही लागतं का? असेल तर अंडं अडकलं आहे. आणि गोळ्याऐवजी किंवा गोळ्यासोबत करंगळीहून बारीक, दोरीसारखी वेटोळी दिसतात का? ती आतडी. ती घरी आत घालता येत नाहीत.

अंडं अडकलं असेल तर ते ओढू नका आणि फोडू तर मुळीच नका, फुटलेल्या कवचाच्या कडा आतली नलिका चिरतात. टबात कोमट पाणी घ्या, आपल्या मनगटाला सुखाचं वाटेल इतकं. कोंबडीच्या अंगाचं तापमान जवळजवळ ४१ अंश असतं, त्यामुळे आपल्याला कोमट ते तिला थंडच असतं. तिचं बूड आणि पोट त्यात बुडेल असं १५ ते २० मिनिटं धरा. मग कडेनं शुद्ध खोबरेल तेल सोडा आणि अंधाऱ्या उबेत ठेवून वाट पाहा. तासा-दोन तासांत अंडं सुटलं नाही तर डॉक्टर. ते सुईनं अंड्यातला रस काढून कवच अलगद दाबून काढू शकतात. आपण ते करायचं नाही.

धुणं आणि साखर

एक लिटर पाणी उकळा, त्यात ९ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे चहाचा दीड चमचा सपाट, आणि कोमट होऊ द्या. या पाण्याचा खारटपणा शरीरातल्या पाण्याइतका असतो म्हणून ते झोंबत नाही. हातात मोजे घाला. नसतील तर नखं कापून हात साबणानं कोपरापर्यंत धुवा. कोंबड्यांच्या शिटेतून माणसाला पोटाचे आजार होऊ शकतात, काम झाल्यावरही हात तसेच धुवा.

कोंबडी धरण्याची पद्धत महत्त्वाची आहे. तिला टॉवेलमध्ये पंखांसकट सैल गुंडाळा, डोकं मदतनीसाच्या कोपराकडे आणि बूड तुमच्याकडे. छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वरखाली होतं तेव्हा त्यांना श्वास मिळतो. घट्ट आवळलेली कोंबडी गप्प झाली म्हणजे शांत झाली असं नव्हे, ती गुदमरतेय. पाय धरून उलटी तर कधीच टांगू नका.

मिठाचं पाणी वरून ओता. चोळू नका, कापसानं पुसू नका, त्याचे धागे राहतात. शिट, माती, तूस सुटेपर्यंत ओतत राहा. भोवतीची घाणीनं चिकटलेली पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. पोव्हिडोन आयोडीन घरात असेल तर शेवटच्या पाण्यात थोडंसं घालायला हरकत नाही, फिक्या कोऱ्या चहासारखा रंग येईल इतपतच. दाट आयोडीन त्या त्वचेला जाळतं.

आता साखर. सुजलेला गोळा आत जात नाही आणि जबरदस्तीनं घातला तर फाटतो. साधी साखर मिक्सरमधून बारीक करून त्यावर भरपूर भुरभुरवा आणि १० ते १५ मिनिटं थांबा. साखर मांसातलं जादा पाणी बाहेर ओढते. पाक होऊन ठिबकायला लागतो आणि गोळा तुमच्या डोळ्यांदेखत लहान होतो. लोणच्याच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तेच हे. मध चालतो, पण साखर प्रत्येक घरात असते. मग मिठाच्या पाण्यानं सगळी साखर धुऊन काढा, चिकट राहिलं तर मुंग्या येतील. सूज उरली असेल तर पुन्हा एकदा करा.

या टप्प्यावर घरातलं आणि शेजारचं कोणी ना कोणी हळद लावायला सांगेल. मायेपोटीच सांगतात. पण हळदीची पूड ओल्या त्वचेवर चिकटून आत जाते आणि खरखरते. राख, चुना, फिनेल, रॉकेल, टर्पेंटाईन यांतलं काहीही नको. गुरांच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाईन वापरतात म्हणून ते गोठ्यात असतं, कोंबडीच्या या भागावर ते आगीसारखं आहे. माणसांचं मूळव्याधीचं मलम लावायचा सल्लाही सर्रास मिळतो. त्या ट्यूबवर लिग्नोकेन किंवा 'केन'नं संपणारं कुठलंही नाव असेल तर लावू नका, ते बधिर करणारं औषध आहे आणि पक्ष्याच्या लहान शरीरात त्याची मात्रा पटकन जास्त होते.

आत बसवणं

बोटाला आणि गोळ्याला भरपूर खोबरेल तेल किंवा डॉक्टरांकडे मिळणारी पाण्यात विरघळणारी जेली लावा. गोळा बोटांच्या पेरांनी चहूबाजूंनी वेढा, नखांनी टोचणं नको. मध्यभागाकडे हळू, सतत, एकसारखा दाब द्या. उलटा झालेला मोजा सरळ करतो तसं मधलं आधी आत जातं आणि कडा मागून येतात.

ती कुंथेल. कुंथते तेव्हा दाब वाढवू नका, नुसता टिकवून ठेवा. ती श्वास सोडून सैल पडली की पुन्हा थोडं पुढे. कधी दोन मिनिटांत होतं, कधी वीस. आत गेल्यावर बोटाचं एक पेर आत ठेवून तीन-चार मिनिटं थांबा, म्हणजे आतली घडी सरळ होते. घडी पडलेली राहिली की ती पुन्हा कुंथते. मग बोट काढा आणि गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड बाहेरून पाच मिनिटं धरा.

तासाभरात पुन्हा बाहेर आलं तर धीर सोडू नका, पहिल्या दिवशी असं होतंच. पुन्हा धुवा, साखर, तेल, आत. पण त्याच दिवसात तिसऱ्यांदा आलं, तर तिला डॉक्टरांकडे नेऊन बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घालून घ्या. शिटेपुरती जागा सोडून द्वार आवळतात. हा टाका घरी सुईदोऱ्यानं घालायचा प्रयत्न कोणी करू नये. दोरा बांधून द्वार बंद करणं तर क्रूरच, शिट कोंडून ती मरते.

अंधार

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे.

पिवळा बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले वीसेक तास कवच चढण्यात जातात. अंडं घातल्यावर तास-दीड तासाच्या आतच पुढचा बलक बहुतेक वेळा सुटलेला असतो. म्हणजे तुम्हाला लाल गोळा दिसतो त्या घटकेला उद्याचं अंडं अनेकदा वाटेला लागलेलं असतं. माझी पहिली तलंग याच अंड्यानं गेली. मी तिला आज बरं केलं आणि उद्याचा विचारच केला नाही.

अंडी घालायचा हुकूम कोंबडीला उजेडाकडून मिळतो. डोळ्यांतूनच नव्हे, कवटीतून पोचणारा प्रकाशही तिच्या मेंदूला दिवस किती मोठा आहे ते सांगतो. दिवस लहान झाला की अंडाशय मंदावतं. आपल्या गोव्यात जूनमध्ये दिवस साधारण १३ तासांचा, डिसेंबरात सव्वाअकरा तासांचा. अंडी थांबवायची तर तिला दिवस आठ तासांहून लहान दाखवावा लागतो.

मी असं करते. मांगरातला, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटातला, एक कोपरा, जिथे दुपारीही जेमतेम दिसतं. तिथे जाळीचा पिंजरा, त्यावर दुहेरी गोणपाट, खालून आणि एका बाजूनं हवा खेळेल इतकी फट ठेवून. सकाळी नऊ ते दुपारी तीन एवढा वेळ गोणपाट एका बाजूनं वर, तोही मंद उजेडापुरता. त्या वेळात ती खाते-पिते. उरलेले अठरा तास अंधार. बंद पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंडू नका. एप्रिल-मेच्या घामट हवेत कोंबडी चोच उघडून धापा टाकायला लागली की समजा, अंधार झाला पण हवा बंद पडली.

हे लगेच लागू पडत नाही, आणि सांगणारे सहसा इथेच गप्प बसतात. अंडाशयात वाढत असलेले बलक एका रात्रीत थांबत नाहीत. पहिल्या काही दिवसांत एक-दोन, कधी तीन अंडी येऊ शकतात, त्या प्रत्येक अंड्यासाठी तयार राहा. मी पहिल्या चार दिवसांत तिला दर दोन-तीन तासांनी बघते, सकाळी जास्त, कारण बहुतेक कोंबड्या दुपारच्या आत अंडं घालतात. ती उभी राहून शेपूट खालीवर करायला लागली, कुंथायला लागली की द्वाराला तेलाचं बोट लावते आणि बाजूला शांत बसून राहते. अंडं पडल्यावर अंग बाहेर आलं तर त्याच क्षणी धुऊन आत घालते. सुजायच्या आत घातलं तर अर्ध्या मिनिटात जातं, साखरही लागत नाही. घरात कोणी नसणार असेल अशा दिवशी हे काम शेजारी सोपवून जा. त्या चार दिवसांत कोंबडी एकटी नको.

आठवडाभरात अंडी थांबतात, काहींना दहा दिवस लागतात. थांबल्यावरही अंधार आणखी आठवडाभर तसाच ठेवा, आतले स्नायू आवळायला तेवढा वेळ लागतो.

गावठी कोंबडीला हा विसावा निसर्गानंच दिलेला असतो. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, म्हणजे उबवायला बसते, आणि अंडी बंद. आम्ही खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवतो, टोपलीखाली कोंडतो, तिनं लवकर पुन्हा अंडी घालावी म्हणून. अंग बाहेर येऊन गेलेली कोंबडी पुढे कधी खुडूक बसली तर तिला बसू द्या.

खाणं-पाणी, आणि दुखण्याची औषधं

उपाशी ठेवू नका. आजारी पक्ष्याला उपास सोसत नाही. पण अंडी देणाऱ्या कोंबडीचं भरडं खाद्य निम्म्यावर आणा आणि उरलेल्या जागी भिजवलेली कणी, भिजवलेली नाचणी, बारीक चिरलेला तांबडी भाजीचा किंवा मुळ्याचा पाला द्या. शिट मऊ राहिली पाहिजे, कडक शिटेला कुंथावं लागतं. पाणी सतत समोर हवं. पहिल्या दिवशी थकलेली असेल तर लिटरभर पाण्यात दोन चमचे साखर आणि पाव चमचा मीठ घालून द्या, पण एवढाच एक दिवस.

वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवा. तिसऱ्या किंवा खुबे हे शिंपले खाऊन झाले की शिंपल्या उकळायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पाट्यावर गव्हाएवढ्या ठेचायच्या. एका अंड्याच्या कवचात दोनेक ग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, जातो. रक्तातला चुना कमी पडला की कवच पातळ होतंच, शिवाय स्नायूंना आवळायची ताकद राहत नाही.

घरातल्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. डायक्लोफेनॅकनं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती नामशेष व्हायला आली, म्हणून भारतात जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्ये बंदी आली. पक्ष्याचं शरीर आपल्यासारखं नाही. वेदना कमी करणारं औषध आणि प्रतिजैविक लागलं तर पशुवैद्यच वजन करून देतील. ते दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हे तिथंच विचारून लिहून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गुरं आणि कुत्रीच जास्त येतात, म्हणून लोक कोंबडी न्यायला लाजतात. लाजू नका. आधी फोन करून आज डॉक्टर आहेत का विचारा, आणि कोंबडीचा गोळा ओल्या कापडात ठेवून न्या.

माश्या

पावसाळ्यात हा धोका आत बसवलेल्या अंगापेक्षा मोठा ठरू शकतो. ओलसर हवा, शिट, रक्ताचा वास. निळी-हिरवी माशी तासाभरात अंडी घालते आणि दिवसाच्या आत त्यातून अळ्या निघतात. पिंजऱ्यावर मच्छरदाणीचा तुकडा चारी बाजूंनी बांधा. कापड दिवसातून दोनदा बदला. द्वाराच्या भोवतीची पिसं वेगळी करून सकाळ-संध्याकाळ तांदळासारखे पांढरे दाणे दिसतात का पाहा. दिसले तर मिठाच्या पाण्यानं धुऊन चिमट्यानं वेचा आणि डॉक्टरांना गाठा. आत शिरलेल्या अळ्या घरी संपत नाहीत. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर मुंग्यांचाही प्रश्न सुटतो.

कधी थांबायचं

काळं पडलेलं मांस, ओढलेली आतडी, टाका घालूनही पुन्हा पुन्हा येणारं अंग, खाणं सोडून डोळे मिटून बसलेली कोंबडी. अशा वेळी तिला वाचवण्याचा हट्ट आपल्यासाठी असतो, तिच्यासाठी नाही. पशुवैद्याकडून तिचा शेवट शांतपणे करून घ्या. माझ्या पहिल्या तलंगेला मी रात्रभर तशीच ठेवली होती, सकाळपर्यंत काही चमत्कार होईल म्हणून. ती रात्र तिला द्यायला नको होती.

औषध दिलेली किंवा आजारी कोंबडी स्वयंपाकात जाऊ देऊ नका. विहिरीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा काढा आणि वरून चुना टाकून बुजवा.

मुळात का झालं

एका कोंबडीला झालं की बाकीच्यांकडे बघायलाच हवं, कारण त्या तेच खातात आणि त्याच उजेडात झोपतात.

आमच्या गावांत पहिलं कारण मला दिसतं ते खुराड्यातला रात्रभर जळणारा बल्ब. कांडेचोर, मुंगूस, अजगर यांच्या भीतीनं तो लावतात. पण कोंबडीच्या लेखी तो न संपणारा दिवस असतो. तलंगा अंगानं भरायच्या आधीच अंडी घालायला लागतात, ओटीपोटाची हाडं पुरती फाकलेली नसतात आणि पहिल्याच अंड्याला अंग बाहेर येतं. नाताळच्या आधी बिबिंका या गोड पदार्थासाठी गावठी अंड्यांना मागणी येते म्हणून मुद्दाम बल्ब लावणारेही आहेत. भीती जनावराची असेल तर अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, दाराला खरी कडी आणि जमिनीखाली हातभर गाडलेली जाळी हा उपाय आहे. उजेडानं कांडेचोर दोन-चार रात्री बिचकतो, मग सरावतो.

दुसरं चरबी. घरातला उरलेला भात, पाव, खोबऱ्याचा चोथा परसात टाकायची आपली पद्धत. त्यात वनराजसारखी, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेली जात असेल तर ती अंगानं मुळात जड, मोकळं खाणं मिळालं की लगेच फुगते. पोटातली चरबी अंडनलिकेची वाट अरुंद करते. छातीच्या हाडाची धार बोटाला लागली पाहिजे. ती मांसात बुडाली असेल आणि पोट मऊ पिशवीसारखं लोंबत असेल तर भात बंद.

तिसरं, दुकानातून चुकीची गोणी येते. मांसाच्या कोंबड्यांचं खाद्य स्वस्त पडलं किंवा तेच शिल्लक होतं म्हणून अंड्यांच्या कोंबड्यांना घातलं जातं. अंडी देणाऱ्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं, मांसाच्या खाद्यात जेमतेम एक टक्का. गोणीवरचं लेबल वाचून घ्या. पावसाळ्यात एका महिन्याहून जास्त पुरेल इतकं खाद्य भरू नका, बुरशीचा वास आला की टाकून द्या.

आणि इशारे आधी मिळतात. अंड्याच्या कवचावर रक्ताची रेघ, एकदम मोठी किंवा दोन बलकांची अंडी, अंडी घालायच्या खोपीत तासन्‌तास बसून राहणं, बुडाशी चिकटलेली पांढरी शिट. यांतलं काही दिसलं की त्या कोंबडीला उचलून शेपटीखाली बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

परत कळपात

द्वार मिटलेलं, आजूबाजूच्या त्वचेच्या रंगाचं, सूज नाही, कापलेली पिसं परत यायला लागलेली, आणि कमीत कमी दोन आठवडे अंग बाहेर आलेलं नाही, एवढं जमलं की तिला परत नेता येतं. आधी दोन-तीन दिवस तिचा पिंजरा परसात इतर कोंबड्यांना दिसेल असा ठेवा. मग एका रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, तिला त्यांच्या शेजारी बसवा. सकाळी स्वतः दार उघडा आणि अर्धा तास तिथेच थांबा. एकाच कोंबडीचा टोचण्याचा नाद असेल तर चार दिवस तिलाच बाहेर ठेवा, बरी झालेलीला नको.

पुढची पहिली काही अंडी तिनं कशी घातली ते पाहत राहा. एकदा अंग बाहेर आलेल्या कोंबडीला ते पुन्हा येऊ शकतं, विशेषतः पहिल्या दोन-तीन अंड्यांना.

गेल्या श्रावणात अशीच एक तांबडी तलंग तेवीस दिवस आमच्या मांगरात होती. परत नेल्यावर नवव्या दिवशी ती खोपीत जाऊन बसली, आणि मी दारातल्या पायरीवर. बाहेर आली तेव्हा बूड कोरडं आणि मिटलेलं होतं. अंडं लहान होतं, चाळीस ग्रॅमही नसेल, कवच घट्ट आणि रक्ताची रेघ नाही. त्या रात्री मी खुराड्यातल्या बल्बची वायर काढून टाकली.